मुलीची इंग्रजी पक्की होईपर्यंत घरातली मराठी थांबवावी का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी पाच वर्षांची, सप्टेंबरपासून इथे न्यू जर्सीत किंडरगार्टनला जाते. वर्गात ती फारशी बोलत नाही, म्हणून पालकभेटीत बाईंनी घरीही इंग्रजीच बोला असं सांगितलं. गेले चार महिने तुम्ही आणि तुमचे यजमान तिच्याशी इंग्रजीत बोलताय. तुमचं शिक्षण तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमात झालं, आणि इंग्रजी कामापुरतं येतं असं तुम्हीच लिहिलंय. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात, पण नात त्यांना ‘आय डोन्ट नो’ म्हणते आणि खोलीत निघून जाते. मराठी पूर्ण बंद करावी का, चालू ठेवली तर मुलगी मागे पडेल का, असं तुम्ही विचारलंत. शेवटी लिहिलंत, ‘पुढच्या पिढीचं भलं व्हावं म्हणूनच तर इथवर आलो.’

उत्तर आधीच सांगून टाकते. आज संध्याकाळपासून तिच्याशी परत मराठीत बोलायला लागा. तुम्हाला यजमानांना पटवायचंय आणि बाईंनाही सांगायचंय, म्हणून कारणं सविस्तर लिहिते. मी स्पीच थेरपिस्ट आहे. मुंबईत शिकले, सुरुवातीला पुण्यात काम केलं आणि गेली बावीस वर्षं इथल्या सरकारी शाळांमध्ये काम करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या घरात इंग्रजी सोडून दुसरी भाषा असते. स्पॅनिश, गुजराती, तेलुगू, अरबी, मराठी. तुमच्यासारखा प्रश्न मला दर वर्षी निदान चार-पाच आया विचारतात.

तुम्ही विचारलंय की भाषा कोणती. मी आधी दुसरं विचारते. गेल्या चार महिन्यांत तुमच्या घरात बोलणं किती उरलंय? दिवाळीच्या आधी तुम्ही लेकीशी दिवसभरात जेवढं बोलत होतात, तेवढं आज बोलता का?

काही वर्षांपूर्वी अशाच एका आईला मी एक काम दिलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलते.) मुलगा सहा वर्षांचा. तिला म्हटलं, स्वयंपाक करताना फोन ओट्यावर ठेवा आणि दहा मिनिटं रेकॉर्ड करा. एक दिवस इंग्रजीत बोला, एक दिवस मराठीत. इंग्रजीच्या दिवशी ऐकू आलं ते असं : ‘वॉश हँड्स.’ ‘सिट.’ ‘नो टीव्ही.’ ‘ईट फास्ट.’ मध्येच लांब शांतता, भांड्यांचा आवाज. मुलगा ‘ओके’ नाहीतर ‘नो’ म्हणतोय. आई अतिशय मायाळू बाई, पण त्या दहा मिनिटांत ती नुसती हुकूम सोडताना ऐकू येत होती, कारण तिच्याजवळच्या इंग्रजीत तेवढंच बसत होतं.

मराठीच्या दिवशी पोळ्या चालल्या होत्या.

‘आई, ही का फुगली?’
‘आत वाफ कोंडली ना, म्हणून.’
‘वाफ कुठून आली?’
‘कणकेत पाणी घातलं होतं की आपण. तवा तापला, पाण्याची वाफ झाली.’
‘मग ही का नाही फुगली?’
‘हिला बघ, इथे भोक पडलंय. वाफ निसटली.’
‘कुकरसारखी?’
‘हो, शिट्टीतून निसटते ना, तश्शी.’

एवढ्याशा बोलण्यात काय काय आलंय बघा. कारण आलं, परिणाम आला, आधी काय आणि नंतर काय ते आलं, दोन पोळ्यांची तुलना आली. आणि ‘कुकरसारखी?’ हा तर त्यानं स्वतःच्या डोक्यानं बांधलेला अंदाज. दुसरी-तिसरीत गेल्यावर शाळा मुलांकडून नेमकं हेच मागते. ज्या मुलाला वाफ कोंडणं आणि निसटणं कळलंय, त्याला वर्गात ‘स्टीम’ हा शब्द शिकायला मिनिटभर लागतो. ज्याला ती गोष्टच कुणी उलगडून सांगितलेली नाही, त्याला शब्द पाठ होतो आणि आतून रिकामा राहतो. म्हणून ज्या भाषेत तुम्हाला ‘का’ चं उत्तर देता येतं, समजूत घालता येते, गोष्ट रंगवता येते, त्याच भाषेत तिच्याशी बोला. तुमच्या बाबतीत ती भाषा मराठी आहे.

आता इंग्रजीचं. टोरंटोचे शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एक फरक मांडला आणि आम्हा शाळेतल्या माणसांना तो रोज दिसतो. मैदानावरची, डबा खातानाची बोलण्यातली इंग्रजी मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात. पुस्तकातली इंग्रजी, म्हणजे विज्ञानाचा धडा समजून घेणं, कारणं देऊन परिच्छेद लिहिणं, याला पाच ते सात वर्षं लागतात. तुमची मुलगी पुढच्या वर्षी या सुमाराला मैत्रिणींशी भरभर इंग्रजी बोलत असेल. त्याची मला जराही काळजी नाही. शाळा, बस, टीव्ही, शेजार, सगळं मिळून तिला ती इंग्रजी देणारच आहे. काळजी वाटते ती चौथी-पाचवीची. तिथे जो पाया लागतो तो आत्ता, या वयात, घरातल्या गप्पांनी भरला जातो, आणि नेमक्या याच वर्षी तुम्ही त्या गप्पा थांबवल्यात.

वर्गातल्या गप्प बसण्याबद्दलही सांगते. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, नुसती ऐकतात. त्या काळात ती शिकत असतात, फक्त तोंड उघडत नाहीत. अशी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. एक दिवस खेळता खेळता अख्खं वाक्य बाहेर पडतं आणि बाई चकित होतात.

काही गोष्टींवर मात्र माझं उत्तर अवलंबून आहे, त्या तुम्हालाच तपासून पाहाव्या लागतील. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळा सुरू होण्याआधी तिचं मराठी कसं होतं? पाच-सहा शब्दांची वाक्यं बोलायची का? ‘चप्पल ठेव आणि आजोबांना हाक मार’ अशी दोन कामं एका दमात सांगितली तर करायची का? घडलेली गोष्ट सांगायची का, मोडकीतोडकी का होईना? बाहेरच्या माणसाला तिचं बोलणं कळायचं का? या सगळ्याला ‘हो’ असेल, तर तिच्या भाषेत दोष नाही, ती फक्त नवी भाषा शिकतेय. पण मराठीतही ती उशिरा बोलायला लागली असेल, वाक्यं जुळत नसतील, तर शाळेकडे लेखी पत्र देऊन तपासणी मागा. शक्य तिथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत तपासणी व्हावी असा इथला केंद्रीय कायदा आहे, तेव्हा मराठी दुभाषा मागायला संकोच करू नका. आणि दोष निघाला तरी मराठी बंद करू नका. भाषेचा खरा दोष असला तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो, एक भाषा काढून घेतल्यानं तो बरा होत नाही. डाउन सिंड्रोम असलेली, स्वमग्न असलेली मुलंसुद्धा आपापल्या कुवतीप्रमाणे दोन भाषा शिकतात. अशा मुलांना तर घरातल्या माणसांशी बोलता येण्याची गरज जास्तच असते.

कानाची तपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. थंडीत सर्दी होते, कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, मुलाला कमी ऐकू येतं आणि सगळे भाषेला दोष देत बसतात. हे मी फार वेळा पाहिलंय.

आणि आईची इंग्रजी सहज असेल, तिला इंग्रजीतच विचार करायची सवय असेल, तर तिला मी वेगळा सल्ला देते. यजमान मराठी नसतील तरी वेगळा. तुमच्या घरात या दोन्ही गोष्टी नाहीत.

मग बाईंनी असं का सांगितलं? त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण हा सल्ला फार जुन्या काळातून आलाय. पहिल्या महायुद्धात इथे जर्मन भाषेविरुद्ध इतकी लाट होती की १९१८ मध्ये आयोवा राज्याच्या गव्हर्नरनी शाळेत, सार्वजनिक जागी, एवढंच काय टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज भाषा बोलायला बंदी घातली. १९२० मध्ये नेब्रास्कात एका शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून वाचन शिकवलं म्हणून २५ डॉलर दंड झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२३ मध्ये न्यायालयानं शिक्षकाच्या बाजूनं निकाल दिला. त्याच सुमारास स्थलांतरितांच्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या इंग्रजीत घेतल्या जायच्या, मुलं मागे पडायची आणि दोन भाषांमुळे डोकं गोंधळतं असा निष्कर्ष निघायचा. १९६२ मध्ये माँट्रियलच्या पील आणि लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी दहा वर्षांच्या मुलांची नीट तुलना केली. सारख्या आर्थिक स्तरातली मुलं घेतली, दोन्ही भाषा खरोखर येतात का ते आधी तपासलं. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं एकभाषी मुलांच्या पुढे निघाली. दोन भाषांमुळे मूल प्रत्येक बाबतीत हुशार होतं असा दावा मी करणार नाही. पण गोंधळतं हा समज गेला, तो कायमचा. फक्त शाळेच्या व्हरांड्यात तो अजून फिरतो.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण खरी भीती तिथे आहे असं मला वाटतं. आपण केलेल्या त्यागाचं चीज होईल का?

माझं स्वतःचं घर याच प्रश्नातून गेलंय, फक्त तिथे इंग्रजीच्या जागी मराठी होती. सोलापूरच्या पूर्व भागात आमचं पद्मशाली विणकरांचं घर. आजोबा लहानपणी निजामाच्या राज्यातून, करीमनगरकडून आले आणि हातमागावर बसले. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आजीला आम्ही अव्वा म्हणायचो. ती विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं अशी चालायची की बघत राहावं. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायची नाही. तिला मराठी बाजारहाटापुरतं यायचं आणि अक्षरओळख तर नव्हतीच. तरी मी शाळेतून आले की मला समोर बसवायची आणि तेलुगूत विचारायची, आज काय शिकवलं? मग मी मराठीतला धडा तिला तेलुगूत सांगायचे. एकदा पाऊस कसा पडतो ते सांगत होते. समुद्राचं पाणी तापतं, वर जातं, ढग होतात. विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता तिनं मध्येच अडवलं, ‘समुद्र तर खारट. मग पाऊस गोडा कसा?’ मला उत्तर येईना. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं. वर्गात तो प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला नव्हता.

ताई, माझी मराठी त्या सुपासमोर तयार झाली, तेलुगूतून. अव्वानं माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायचं ठरवलं असतं, तर ‘जेव’, ‘झोप’, ‘अभ्यास कर’ याच्या पलीकडे ती गेली नसती आणि तो पावसाचा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचलाच नसता. आजोबा मागावर, वडील गिरणीच्या कचेरीत, मी इथे. आमच्या घराची प्रगती म्हणायची तर ती अशी झाली, आणि तिच्या पायाशी ती न शिकलेली बाई बसलेली आहे.

इथल्या संशोधनातही हेच निराळ्या तऱ्हेनं दिसतं. रॅन अब्रामित्स्की आणि लिआ बूस्तान या अर्थतज्ज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी जोडून पाहिल्या. सारख्या कमाईच्या घरांची तुलना केली, तर स्थलांतरितांची मुलं इथे जन्मलेल्या आईबापांच्या मुलांपेक्षा वर चढतात. शंभर वर्षांपूर्वी आलेल्यांच्या बाबतीत हे घडलं आणि अलीकडच्यांच्या बाबतीतही घडतंय. एक कारण असं की ही कुटुंबं जिथे संधी आहे तिथे जाऊन राहतात. दुसरं असं की पहिल्या पिढीची कमाई तिच्या कुवतीपेक्षा कमी असते, कारण भाषा अडते, पदवीला कुणी विचारत नाही. मुलांना ती अडचण नसते. आणि या घरांपैकी कितीतरी घरांत आईबापांना इंग्रजी धड येतही नव्हतं.

समाजशास्त्रज्ञ पोर्टेस आणि रुम्बाउट यांनी १९९२ पासून मायामी आणि सॅन डिएगो भागातल्या पाच हजारांवर शाळकरी मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. त्यांना इंग्रजी धोक्यात आहे असं कुठेच आढळलं नाही. बहुतेक मुलं वाढत्या वयाबरोबर इंग्रजीलाच पसंती देत गेली. धोका दिसला तो दुसरीकडे. मुलं भाषेत फार पुढे निघून जातात, आईबाप मागे राहतात, आणि घरातला वडीलकीचा मान उलटा होतो. शाळेचं पत्र मूल वाचून दाखवतं आणि हवं तेवढंच सांगतं. ज्या मुलांना इंग्रजी आणि आईबापांची भाषा दोन्ही चांगल्या येत होत्या, त्यांच्या घरात भांडणं कमी होती आणि पुढे शिकण्याची उमेद जास्त होती.

मला हे आकड्यांतून पटवून घ्यायची गरज पडली नाही. एका माध्यमिक शाळेत तेरा वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसला होता, कुठल्या भाषेच्या घरातला ते सांगत नाही. तो चार वर्षांचा असताना आईनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपली भाषा सोडली होती. तो म्हणाला, आई माझ्याशी जेवण आणि अभ्यास या दोनच गोष्टींबद्दल बोलू शकते. त्या वर्षी त्याला वर्गातली काही मुलं त्रास देत होती आणि घरी सांगायला त्याच्याकडे भाषा नव्हती. आईकडे ऐकायला भाषा नव्हती. त्या बाईंनी नंतर माझा हात धरून विचारलं होतं, आता परत सुरू करता येईल का? येतं, पण तेराव्या वर्षी फार कष्टानं. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे आणि मध्ये फक्त चार महिने गेलेत.

थोडक्यात, मुलगी इंग्रजी शिकणारच आहे. विचार करायची सवय तिला घरातून लागते आणि ती तुमच्या सगळ्यात समर्थ भाषेतून लागते. आणि पुढे तिचं वय अवघड होईल तेव्हा तुम्हा दोघींना एकमेकींशी बोलायला पूर्ण वाढलेली भाषा हवी आहे.

आता करायचं कसं. पहिले काही दिवस तुम्ही मराठीत बोलाल आणि ती उत्तर इंग्रजीत देईल. देऊ द्या. ‘मराठीत बोल, नाहीतर मिळणार नाही’ हे कधीही म्हणू नका. पाणी, खाऊ आणि माया यांना भाषेची अट घालू नये. ती ‘आय वॉन्ट वॉटर’ म्हणाली तर तुम्ही सहज म्हणा, ‘पाणी हवंय? थंड देऊ की साधं?’ असा दोन पर्यायांचा प्रश्न विचारला की उत्तराचे शब्द तिच्या हाती आपोआप येतात. ‘आजी आला’ म्हणाली तर ‘चूक’ म्हणू नका. ‘हो, आजी आली, बघ काय आणलंय तिनं’ एवढं म्हणून पुढे चला. बोलताना ती दोन भाषांची सरमिसळ करेल, ते गोंधळाचं लक्षण नाही. आपणही ‘बस चुकली’, ‘फ्रीजमध्ये ठेव’ म्हणतोच की.

व्हिडिओ कॉलवर नातेवाईकांना एक ताकीद मात्र आधीच द्या. तिला ‘ळ’ म्हणता येत नाही म्हणून कुणी हसायचं नाही आणि ‘अमुक म्हणून दाखव’ असं करायला लावायचं नाही. मुलं एकदा हसलेलं वर्षभर विसरत नाहीत. कितीतरी मुलांनी मराठी कायमची सोडली ती अशा प्रेमळ हसण्यामुळे.

सासूबाई घरात आहेत हे तुमचं या वर्षीचं मोठं भाग्य समजा. पण नातीला समोर बसवून ‘आजीशी बोल’ म्हणू नका. मूल तिथेच मिटतं. दोघींच्या हाताला काम द्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, लाडू वळणं. हात चालू असले की तोंडही चालतं. शिवाय आजीला नातीची गरज पडेल अशी काही कामं राहू द्या, टीव्हीवर मालिका लावून देणं, बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय ते सांगणं. आपल्याशिवाय आजीचं अडतं हे कळलं की मूल आपणहून शब्द शोधतं. रात्री आजीनं गोष्ट सांगावी, रोज तीच सांगितली तरी चालेल. आठवडाभरात नात पुढचं वाक्य आधी म्हणायला लागेल.

इंग्रजीवर बंदी घालू नका. वाचनालयातून चित्रांची पुस्तकं आणा, यजमानांनी ती इंग्रजीत वाचून दाखवावीत. तुम्ही तेच पुस्तक घ्या आणि चित्रं बघत मराठीत बोला, हा कुठे निघाला असेल, याला राग का आला असेल. देवनागरीची घाई नको. आत्ता इंग्रजी अक्षरं चालू आहेत, ती बसू द्या. ओघवतं बोलणारं मूल सात-आठ वर्षांचं झालं की मराठी वाचायला लवकर शिकतं. आधी अक्षरं गिरवून बोलणं मागून येईल म्हणाल, तर ते मी क्वचितच पाहिलंय.

रविवारच्या मराठी शाळेत जरूर घाला. इथल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रयत्नांमुळे अशा शाळा आता अनेक शहरांत आहेत. तिथे मराठी बोलणाऱ्या मैत्रिणी मिळतात, ही मला अभ्यासक्रमापेक्षा मोलाची गोष्ट वाटते. पण आठवड्याचे दीड-दोन तास घराची जागा घेऊ शकत नाहीत. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांना शाळेत आजही मराठी शिकता येते, पण त्यांच्या घरातली रोजची भाषा क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली, झाली. उलट तंजावरची मराठी घराणी सतराव्या शतकापासून तमिळ मुलखात आहेत. त्यातल्या कित्येक घरांत अजून मराठी बोलली जाते, तमिळ शब्द मिसळलेली, वळण बदललेली, पण जेवणाच्या पानावर बोलली जाते.

शाळेच्या बाबतीत दोन गोष्टी करा. प्रवेशाच्या वेळी घरातली भाषा विचारणारा एक फॉर्म भरून घेतात. भीतीपोटी तिथे ‘इंग्रजी’ लिहिलं असेल तर दुरुस्त करून ‘मराठी’ लिहा. ते वाचूनच शाळा तिची इंग्रजी तपासते आणि गरज असेल तर जादा मदत देते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७४ च्या लाऊ निकालापासून अशी मदत देणं ही शाळेची जबाबदारी आहे. त्यानं मुलीवर शिक्का बसत नाही. इंग्रजी पुरेशी आली की मुलं त्यातून बाहेर पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाईंना एक चिठ्ठी द्या. त्यांचे आभार माना, घरी आम्ही मराठीतच भरपूर बोलणार आहोत हे सांगा, आणि पुढच्या आठवड्यात वर्गात कुठला विषय आहे तेवढं आधी कळवत जा अशी विनंती करा. समजा विषय हिवाळ्यातल्या प्राण्यांचा आहे. मग आदल्या शनिवार-रविवारी मराठीत गप्पा मारा. थंडीत अस्वल काय खात असेल, पक्षी कुठे जातात, खार दाणे का लपवते. सोमवारी बाई बोलायला लागतील तेव्हा तिला गोष्ट माहीत असेल, शब्द तेवढे नवे असतील. माझ्या अनुभवात गप्प मुलांचा हात वर येण्यासाठी याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

तिची मुलं मराठी बोलतील, असं वचन मी देणार नाही. इथे बहुतेक भाषा तिसऱ्या पिढीत घरातून जातात. मला तेलुगू बोलता येते, वाचता येत नाही. अव्वाच्या भावाची पत्रं यायची ती गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून वाचून घ्यावी लागायची. माझी मुलं मराठी अडखळत बोलतात आणि तेलुगूतले त्यांना दहा-वीस शब्द येतात, तेही खाण्याचे. याचं मला वाईट वाटतं, आणि ते लपवायची गरज मला वाटत नाही. पण तिसऱ्या पिढीचं तुम्ही आज ठरवू शकत नाही. तुमच्या आणि लेकीच्या मधलं बोलणं मात्र तुमच्या हातात आहे.

दोन महिन्यांनी, सासूबाई परत जाण्याआधी, मला नक्की लिहा. मुलगी मराठीत ‘का’ विचारायला लागली का, आजीला शाळेतली एखादी गोष्ट आपणहून सांगितली का, आणि कानांच्या तपासणीत काय निघालं, एवढं कळवा.